फवारणीनंतर तीन आठवड्यांत मिलीबग परत? आधी मुंग्यांच्या वाटा बघा

द्राक्षबागेतली ही तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते: "औषध मारलं, आठ दिवस बाग स्वच्छ दिसली, आणि तिसऱ्या आठवड्यात ओलांड्यावर पुन्हा पांढरं." (ओलांडा म्हणजे वेलीची तारेवर आडवी नेलेली जाड फांदी.) मग औषध बदललं जातं. मग मात्रा वाढते. मग एका टाकीत दोन औषधं पडतात. हंगाम संपताना घड चिकट-काळे, पानं लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीनं तांबूस, आणि वहीत फवारण्यांची ही लांब रांग. मी या फेऱ्यात तीन हंगाम घालवले. चौथ्या हंगामात जे हाती लागलं ते लिहितोय.

मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, परत येतो तेव्हा औषध नकली किंवा हलकं निघालं असा संशय सगळ्यात आधी येतो. माझ्या बघण्यात तसं क्वचितच असतं. बहुतेक वेळा त्याला खाणारे किडे आपण त्याच्याआधी मारलेले असतात, आणि त्याची राखण करणाऱ्या मुंग्यांना मात्र धक्काही लागलेला नसतो. बागेतली जैवविविधता हा शब्द ऐकला की पक्षी आणि फुलपाखरांची चित्रं डोळ्यांपुढे येतात. इथे ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते बहुतेक तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान आहेत.

किती दिवसांनी परत आला?

हा पहिला प्रश्न, कारण निम्मं निदान दिवसांच्या हिशोबातच होतं.

पाच-सहा दिवसांत जिवंत मिलीबग दिसला तर तो परत आलेला नाही, तो गेलाच नव्हता. फवारा त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. हा किडा सुटलेल्या सालीखाली, ओलांडा जिथे वळतो त्या बेचक्यात, वेल तारेला बांधलेल्या जागी आणि घडाच्या देठाशी दडून बसतो. ब्लोअर (पंख्याचं फवारणीयंत्र) पानं छान ओली करतो, सालीच्या आत काही जात नाही. खात्री करायची असेल तर एकदा नुसत्या पाण्याची टाकी मारा, नेहमीच्याच वेगाने, नेहमीच्याच नोझलने. मग दहा वेलींची साल नखाने उचलून बघा. मी बघितलं तेव्हा दहापैकी सात ठिकाणी आत कोरडं ठणठणीत होतं.

दोन ते तीन आठवड्यांनी परत आला असेल तर तो अंड्यांचा खेळ. मादी कापसासारख्या पिशवीत काहीशे अंडी घालते आणि त्या पिशवीत औषध मुरत नाही. उबदार हवेत साधारण आठवडाभरात अंडी उबतात, आणि महिनाभराच्या आसपास नवी पिढी अंडी घालायला तयार होते. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं, अंगावर मेण नसलेलं, चालतं पिल्लू हीच काय ती स्पर्शाने मरणाऱ्या औषधाला खरी बळी पडणारी अवस्था. मोठ्या मेणकट माद्या दिसल्या म्हणून घाबरून मारलेली फवारणी म्हणूनच बरीचशी वाया जाते. दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप चार-पाच ओलांड्यांवर गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी भिंगातून बघा. टेपच्या कडेला फिकट पिवळसर-गुलाबी ठिपके अडकायला लागले की पिल्लं चालू लागली. फवारायचंच असेल तर ती वेळ.

तिसरा प्रकार हळूहळू चढणारा. दरवर्षी फवारण्या वाढतात, दरवर्षी मिलीबगही वाढतो, आणि ज्या कोपऱ्यात ब्लोअर नीट वळत नाही तिथल्या वेली त्यातल्या त्यात बऱ्या असतात. ही कोपऱ्याची खूण मी सगळ्यात उशिरा ओळखली. तिथली जमीन वेगळी असेल, वारा जास्त असेल, असं काहीबाही म्हणत राहिलो. तिथे फक्त औषध कमी पोहोचत होतं, इतकंच. पुढचं सगळं लिखाण मुख्यतः या तिसऱ्या प्रकारासाठी आहे.

टॉर्च घेऊन दहा मिनिटं बसा

ऊन उतरल्यावर एका बाधित वेलीपाशी टॉर्च घेऊन बसायचं. काही करायचं नाही, फक्त बुंध्यावरच्या मुंग्या बघायच्या. वर जाणारीचं पोट सपाट असतं. खाली येणारीचं फुगलेलं, आणि उजेड मागून पडला तर जवळजवळ पारदर्शक दिसतं. ती मिलीबगचा गोड चिकटा पिऊन परत निघालेली असते. तोच चिकटा घडावर सांडला की त्यावर काळी बुरशी चढते.

आता या मुंग्या फुकट पीत नाहीत. मिलीबगच्या अंगात अंडं घालणारी बारीक परजीवी माशी येते तेव्हा तिला आधी मिलीबगभोवती फिरून, चाचपून, मग पोटाचं टोक टोचायला थोडा वेळ लागतो. मुंगी तेवढ्यात येऊन भिडते आणि माशी उडून जाते. मिलीबग खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या अळीलाही मुंग्या चावतात, हुसकावतात. दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेली अर्जेंटाइन मुंगी कॅलिफोर्नियातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या द्राक्षबागांत याच कामासाठी कुप्रसिद्ध आहे. तुमच्याकडे जात दुसरी असेल, पण टॉर्चच्या उजेडात काम तेच चाललेलं दिसेल.

मी बुंध्याला चिकट पट्टा लावला होता. आधी सालीवर घट्ट कागद गुंडाळून त्यावर चिकट, कारण थेट सालीवर चिकट लावणं वेलीला बरं नाही. चार दिवसांनी बघतो तर वर मुंग्या तितक्याच! पट्ट्यावर पाच-सहा मेलेल्या, बाकी सगळं जोरात. त्या रात्री टॉर्च धरून एका फुगलेल्या पोटाच्या मुंगीमागे गेलो. ओलांड्यावरून ती तारेवर आली, तारेवरून खांबावर, खांबावरून सरळ जमिनीत. दुसरी एक ठिबकच्या नळीवरून, कारण नळी पट्ट्याच्या वर बांधलेली होती. तिसरी वाट एका वाढलेल्या तणाच्या दांड्यावरून, जो फुटव्याला टेकला होता. वेलीचा बुंधा बंद केला आणि तीन जिने उघडे ठेवले, असा प्रकार.

म्हणून पट्टा लावायचा तर खांबालाही, नळी पट्ट्याच्या खाली उतरवून, आणि वेलीला टेकणारं तण कापून. धूळ, पाचोळा आणि मेलेल्या मुंग्यांनी पट्ट्यावर पूल तयार होतो, तो दर आठवड्याला बघावा लागतो. मोठ्या बागेत हे झेपत नाही, मान्य. तिथे आमिष बरं: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम साखर आणि अर्धा ते एक ग्रॅम बोरिक ॲसिड, बारीक छिद्रांच्या बंद डबीत, मुलं-जनावरांचा हात लागणार नाही असं. आपल्या भागात याला परवानगी आहे का ते आधी पाहून घ्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बोरिक जास्त टाकणं. मुंगीनं ते वारुळात नेऊन इतरांना पाजायला हवं. जहाल केलं तर ती वाटेतच मरते आणि वारूळ तसंच राहतं. दुसरी चूक वेळेची. ओलांड्यावर चिकट्याची नदी वाहत असताना तुमचं साखरपाणी कोण पिणार? हंगामाच्या सुरुवातीला, फुटवे निघत असतानाच डब्या ठेवा.

वारुळांवर कीटकनाशक ओतू नका. त्याने जमिनीतले भुंगेरे, कोळी, गांडुळं सगळं जातं, शिवाय काही मुंग्या पतंगांचे कोष खाणाऱ्याही असतात. भांडण फक्त वर चढणाऱ्यांशी आहे.

पांढरं ते सगळं मिलीबग नसतं

ही माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. एका दुपारी आम्ही पाच-सहा जण ब्रश घेऊन ओलांडे घासत होतो. माझ्या ब्रशच्या केसांत अडकलेला एक "मिलीबग" तुरुतुरु चालत हँडलपर्यंत आला. मिलीबग असा धावत नाही. काडीने उलटा केला तर खाली तीन जोड्या दणकट पाय. ती क्रिप्टोलेमस या लेडीबर्डची अळी होती, मिलीबग खाऊनच वाढणारी. तोवर आम्ही अशा किती चिरडल्या असतील याचा हिशोब न केलेलाच बरा.

ही अळी मुद्दाम मिलीबगसारखी दिसते म्हटलं तरी चालेल. फरक असा: मिलीबग तीन-चार मिलिमीटरचा, अंगाच्या कडेने आखूड दशा नीट ओळीत. अळीच्या अंगावरचे मेणाचे धागे लांब, वेडेवाकडे, विस्कटलेल्या लोकरीसारखे, आणि पूर्ण वाढलेली अळी एक सेंटिमीटरच्याही वर जाते. हलवलं की चालू पडते. प्रौढ भुंगेरा छोटा, गडद तपकिरी-काळा, डोकं आणि शेपटाकडचा भाग नारिंगी. मूळचा हा ऑस्ट्रेलियाचा. कीटकतज्ज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी १८९१ साली तो लिंबूवर्गीय बागांतल्या मिलीबगसाठी कॅलिफोर्नियात नेला, आणि तेव्हापासून जगात अनेक ठिकाणी तो वापरला जातो. कडक थंडीत तो तग धरत नाही, अशा ठिकाणी दर हंगामाला नव्याने सोडावा लागतो. आणि सोडण्याआधी मुंग्यांचा बंदोबस्त झालेला नसेल तर सोडण्यात अर्थ नाही. विकत आणलेले भुंगेरे दोन दिवसांत दिसेनासे झाले असं जे म्हणतात, त्यांनी आधी टॉर्च घ्यावा.

दुसरी ओळखायची गोष्ट म्हणजे ममी. परजीवी माशीनं अंडं घातलेला मिलीबग फुगतो, टणक होतो, तपकिरी पडतो, पिठूळपणा जातो. पुढे त्याला एक गोल भोक दिसतं, तिथून नवी माशी बाहेर पडलेली असते. पंधरा दिवसांतून एकदा खूण केलेल्या वेलींवरचे पन्नास मिलीबग बघून त्यात ममी किती ते मी लिहितो. दहात तीन-चार ममी असतील आणि मागच्या वेळेपेक्षा आकडा चढता असेल तर मी हात आवरतो. हा माझा अंदाज आहे, पुस्तकातला नियम नाही.

वहीतले शेवटचे आठ आठवडे

आता फवारणीची वही काढा. त्यात फक्त कीटकनाशकं बघू नका, बुरशीनाशकंही बघा. इथेच लोक फसतात.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं असेल तर बाकी तपास जवळजवळ थांबवायला हरकत नाही. त्याचा अंश सालीवर आणि पानांवर बराच काळ राहतो, आणि परजीवी माश्या, लेडीबर्ड, क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा किडा, लाल कोळी खाणारे परभक्षी कोळी या सगळ्यांना तो भोवतो. मिलीबग सालीखाली सुरक्षित, त्याला खाणारे आपले मित्रकीटक उघड्यावर. नंतर लाल कोळी उसळतो तो इथूनच. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकानंतरही लाल कोळी वाढल्याच्या नोंदी अनेक पिकांत आहेत.

बुप्रोफेझिन हे कीटकनाशक मिलीबगवर चालतं आणि मधमाशीला तुलनेनं सौम्य, म्हणून ते "सुरक्षित" समजलं जातं. पण ते किड्याला कात टाकू देत नाही, आणि कात लेडीबर्डच्या अळीलाही टाकावीच लागते. भुंगेरे सोडणार असाल तर हे औषध त्या काळात टाकीत नको.

मग बुरशीनाशकं. मॅन्कोझेब पुन्हा पुन्हा मारल्याने परभक्षी कोळी कमी होतात ही युरोपातल्या द्राक्षबागांत नीट नोंदलेली गोष्ट आहे. भुरीसाठी मारलेलं गंधकही दर आठवड्याला भरघोस मात्रेत पडलं तर त्यांना आणि बारीक परजीवी माश्यांना त्रास देतं. म्हणजे करपा-भुरीसाठी मारलेलं औषध महिन्याभराने लाल कोळीचं बिल पाठवतं, आणि आपण ते बिल हवामानाच्या नावावर फाडतो. युरोपात काही बागायतदार टिफ्लोड्रोमस पायरी नावाचे परभक्षी कोळी चांगल्या बागेतून उजाड बागेत चक्क फेल्टच्या पट्ट्यांवर किंवा छाटणीच्या काड्यांवर बसवून नेतात. एवढा खटाटोप ते उगाच करत नाहीत. हे कोळी एकदा नांदले की लाल कोळीसाठी वेगळी फवारणी लागतच नाही अशी वर्षं येतात.

बऱ्याच लेबलांवर औषधाच्या गटाचा, म्हणजे ते कीड कशी मारतं त्याचा, क्रमांक असतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या डब्यांवर तोच क्रमांक असेल तर तुम्ही औषध बदललेलं नाही, डबा बदललाय.

आणि सगळी बाग फवारायची गरजच काय? छाटणीच्या वेळी ज्या वेलीवर जुना कापूस किंवा काळपटपणा दिसेल तिला रंगीत फीत बांधा. मिलीबग पंखांनी येत नाही, मादीला पंखच नसतात. तो वाऱ्यावर उडालेल्या पिल्लांमुळे, मुंग्यांमुळे आणि बऱ्याचदा आपल्या कात्र्या, कपडे, क्रेटमुळे पसरतो. म्हणून फीत बांधलेल्या ओळींत काम सगळ्यात शेवटी करा आणि फवाराही तेवढ्यांनाच, हातपंपाने, साल भिजेल असा. बाकीच्या ओळी मित्रांच्या मुक्कामासाठी सोडा. साल काढायची ती याच वेलींची, आणि काढलेली साल बागेबाहेर न्या. सगळ्या बागेची साल खरवडून लखलखीत करण्याची हौस मी सोडून दिली, कारण कोळी आणि परभक्षी किडे थंडी-पाऊस तिथेच काढतात.

नत्राबद्दल एकच वाक्य: लुसलुशीत, गडद हिरवी वेल मिलीबगला जास्त अंडी घालायला लावते, तेव्हा खताचा हिशोबही त्याच वहीत ठेवा.

"फुलं लावली, तरी मित्र आले नाहीत"

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि तीही खरी असते. परजीवी माशी मिलीबगमध्ये अंडी घालते, पण तिचं स्वतःचं जेवण म्हणजे मकरंद. गोड काही मिळालं नाही तर ती दोन-चार दिवसांत मरते, मिळालं तर त्याच्या कितीतरी पट जगते आणि तेवढी जास्त अंडी घालते. तिचं तोंड मात्र आखूड. खोल नळीच्या मोठ्या दिखाऊ फुलात तिला काही पोहोचता येत नाही. धने, शेपू, बडीशेप, कुट्टू, ॲलिसम अशी उघडी, बारीक फुलं तिला चालतात. न्यूझीलंडमधल्या वायपारा खोऱ्यात २००५पासून द्राक्षाच्या ओळींमध्ये कुट्टू आणि बागांच्या कडेने तिथली देशी झाडं लावण्याचा मोठा प्रयोग झाला. तिथली कीड पानं गुंडाळणारी अळी होती, पण तत्त्व हेच.

मग कुठे बिघडतं? बहुतेक वेळा कापणीत. आच्छादन पीक, म्हणजे ओळींमध्ये जमीन झाकायला पेरलेलं पीक, गुडघाभर झालं की बाग "घाण" दिसते आणि सगळ्या ओळी एका दिवसात कापल्या जातात, नेमकं फुलोऱ्याच्या तोंडावर. एकाआड एक ओळ कापा. पहिली पुन्हा फुटून फुलावर आली की मग दुसरी. कुट्टू पेरल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलतो, तेव्हा पिल्लं चालू लागण्याच्या काळात तो फुलावर असेल अशी उलटी मोजणी करून पेरा. नुसतं गवत वाढवून उपयोग नाही. त्याने धूप थांबते, माती झाकते, पण त्यात मकरंद नाही.

फुलं असलेल्या ओळीवर फवारा पडत असेल तर तुम्ही मित्रांना जेवायला बोलावून विष घालताय. द्राक्षाला फळधारणेसाठी मधमाशी लागत नाही, त्यामुळे बागायतदाराचं तिच्याकडे लक्ष नसतं. पण खालच्या फुलांवर ती येतेच. फवारणीआधी त्या ओळीची फुलं कापा, किंवा माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारा, तेही वाऱ्याचा अंदाज घेऊन.

या आच्छादन पिकाचे तोटेही आहेत. कोवळ्या वेलींचं पाणी ते पळवतं, म्हणून वेलींखालचा पट्टा मोकळा ठेवा. ओलांड्यापर्यंत वाढू दिलं तर मुंग्यांना नवा जिना मिळतो आणि घडाभोवती दमटपणा राहून भुरी-केवड्याला निमंत्रण. ताग, धैंचा अशी द्विदल जास्त घातली तर नत्र वाढून वर म्हटलेली लुसलुशीत वेल तयार होते. जोमदार बागेत मी द्विदल टाळतो, अशक्त बागेत आवर्जून घालतो.

बांधावर काय आहे, तेही एकदा चालून बघा. मिलीबगची अंडी गुलाबी असतील तर तो बहुधा जास्वंदीवरचा गुलाबी मिलीबग, आणि त्याला जास्वंद, अंबाडी, भेंडी, कापूस, पेटारी ही सगळी त्या कुळातली झाडं प्रिय. बांधावर हौसेने लावलेली जास्वंदीची कुंपणं म्हणजे त्याचं माहेर. ती काढून त्या जागी तुमच्या भागातली, वेगवेगळ्या वेळी फुलणारी झुडपं लावा. बांध मोकळा करून टाकणं हा उपाय नव्हे. कॅलिफोर्नियातला तुडतुड्यांचा किस्सा यासाठी बघण्यासारखा आहे. तिथे द्राक्षाच्या तुडतुड्यांची अंडी खाणारी अनाग्रस नावाची अगदी बारीक माशी असते. द्राक्षावरचा तुडतुडा थंडीत अंडी ठेवत नाही, मग ही माशी थंडी काढते ती ओढ्याकाठच्या ब्लॅकबेरीवर, पुढे प्लमच्या झाडांवरही, तिथल्या वेगळ्याच तुडतुड्यांच्या अंड्यांत. झुडपं गेली की वसंतात माशी उशिरा येते, आणि तोवर तुडतुड्यांचं फावतं.

कच्च्या रस्त्याकडेच्या दोन-तीन ओळींतच लाल कोळी दरवर्षी असेल तर औषध शोधू नका, धूळ थांबवा. धुळीने माखलेलं पान कोळीला मानवतं आणि त्याला खाणाऱ्याला अडवतं. झुडपांची एक रांग किंवा रस्त्यावर पाणी, एवढं पुरतं.

"आमची तर सेंद्रिय बाग, तरी का?"

कारण सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी नव्हे. नैसर्गिक पायरेथ्रमही भेदभाव न करता मारतो, फक्त लवकर विरतो. गंधकाचं वर सांगितलंच. आणि मोरचूद. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली जगापुढे मांडलं तेव्हापासून ते द्राक्षाचा आधार आहे, पण तांबं विरत नाही, मातीच्या वरच्या थरात साठत जातं आणि गांडुळांना जड जातं. युरोपीय संघानं म्हणूनच सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं अशी मर्यादा घातली आहे. वहीत बोर्डोच्या टाक्या मोजल्या जातात, तांब्याचे किलो कोणी मोजत नाही. मोजा.

सेंद्रियवाल्यांची आणखी एक तक्रार: बिव्हेरिया, मेटारायझियम किंवा लेकॅनिसिलियम फवारलं, गुण आला नाही. या किडीला रोग आणणाऱ्या जिवंत बुरशा आहेत. मागे-पुढे काही दिवसांत बुरशीनाशक किंवा तांबं पडलं असेल तर त्या टाकीतून निघाल्या आणि मेल्या. कोरड्या उन्हात दुपारी फवारल्या तरी तेच. दमट संध्याकाळ, ताजा माल, स्वच्छ टाकी, आणि आधी लिहून ठेवलेलं बुरशीनाशकांचं वेळापत्रक, एवढं जमत नसेल तर पैसे वाचवा.

धीर कधी धरायचा नाही

वरचा सगळा धीर एका ठिकाणी लागू होत नाही. बागेत लीफरोल विषाणू असेल, म्हणजे हंगामाच्या शेवटी लाल जातींची पानं शिरा हिरव्या ठेवून लाल होत असतील आणि कडा खाली वळत असतील, तर थोडा मिलीबगही पुरेसा घातक आहे, कारण मिलीबग हा विषाणू वेलीवरून वेलीवर नेतो. तिथे तपासणी करून बाधित वेली मुळासकट काढणं आणि रोपं खात्रीच्या ठिकाणची घेणं हेच काम. मित्रकीटक मदत करतील, वाचवणार नाहीत. मिलीबग प्लॅनोकोकस फायकस जातीचा असेल तर त्याच्या मादीच्या गंधाचे फेरोमोन मिळतात, नराला भरकटवायला. पण ते त्या एकाच जातीला लागू, म्हणून आधी जात ओळखून घ्या.

पहिला हंगाम वाईट जाऊ शकतो. फवारणी कमी केली आणि मित्र अजून आलेले नाहीत, असा मधला काळ येतोच. म्हणून सगळ्या बागेत एकदम करू नका, एक तुकडा निवडा, शक्यतो तो ब्लोअर न पोहोचणाऱ्या कोपऱ्याला लागून. माझ्या तुकड्यात पहिल्या वर्षी घड जास्त टाकावे लागले, दुसऱ्या वर्षी बाकीच्या बागेइतकेच, तिसऱ्या वर्षी त्या तुकड्यात मिलीबगसाठी फक्त फीत बांधलेल्या वेली फवारल्या. शेजारच्या बागेतून फवारा उडून येत असेल तर कडेच्या ओळी मोजणीत धरू नका. तिथे मित्र टिकत नाहीत आणि आकडे उगाच निराश करतात. फुलांचे पट्टे आतल्या ओळींत घ्या.

कुणाला सल्ला विचारायला जाताना सोबत न्या: किती दिवसांनी परत आला, मुंग्या कोणत्या वाटेने चढतात, पन्नासात ममी किती, बुरशीनाशकांसह आठ आठवड्यांच्या फवारण्या, आणि बाधा कडेला आहे की मध्ये. फोटो काढणार असाल तर पांढरा किडा काडीने उलटा करून पायांच्या बाजूने काढा. वरून काढलेल्या फोटोत मिलीबग कोणता आणि लेडीबर्डची अळी कोणती, हे मला अजूनही सांगता येत नाही.